दात राखावा की काढावा?



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचता. या खेपेस विषय थोडा वेगळा, पण घरोघरचा आहे. किडलेला, मोडलेला किंवा ठणकणारा दात राखायचा की काढून टाकायचा, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एकदा तरी पडतो. आणि त्याचा निकाल आपण बहुधा रात्री दोन वाजता, गाल धरून बसल्या बसल्या लावतो. "उद्या सकाळी पयलं ह्यो दात उपटून टाकायचा," असे ठरवूनच आडवे होतो. निर्णय करण्याची ही वेळ नव्हे. म्हणून दात दुखत नसतानाच हा लेख वाचून ठेवावा, अशी विनंती आहे.

मी डॉक्टर नाही. आपल्यासारखाच ऊस उत्पादक सभासद आहे. मात्र एक दाढ घाईने काढून घेतली आणि दुसरी राखून घेतली, त्यामुळे दोन्ही बाजूंचा जमाखर्च माझ्याजवळ आहे. बाकीची माहिती दंतवैद्यांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतली, ती येथे देत आहे.

माझ्या दोन दाढा

पहिली गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. हंगाम अंगावर होता. टोळी फडात उतरलेली, वाहनाचा पत्ता नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यात उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. लवंग धरून झाली, तंबाखूची चिमूट धरून झाली. शेवटी तालुक्याच्या गावी गेलो. डॉक्टर म्हणाले, "दाढ राखता येईल, पण तीन-चार खेपा याव्या लागतील." मी म्हणालो, "साहेब, हितं दोन तास मिळंनात, चार खेपा कुठनं येऊ? टाका काढून." पंधरा मिनिटांत काम झाले. संध्याकाळी मी पुन्हा फडावर हजर.

तीन-चार वर्षे काही वाटले नाही. उलट सुटलो असेच वाटत होते. मग हळूहळू एक एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलली. वरची दाढ समोर कोणी नाही म्हणून खाली उतरली. दोन्हींच्या सांदीत घास अडकू लागला. काडीने कोरण्याची सवय लागली. कललेली दाढ पुढे किडली आणि तीही गेली. उजव्या बाजूने भाकरी चावणे बंद झाले ते कायमचे. काढली एक दाढ, पण कामातून गेल्या तीन.

दुसरी गोष्ट अलीकडची. डावीकडची दाढ दुखायला लागली, म्हणजे चावायची उरलेली एकच बाजू. कोल्हापुरात एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. जुन्या सवयीने म्हणालो, "काढूनच टाका, बाई." त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, ही काढली तर खाणार कशानं? उजवीकडं बघा, तिथं काय उरलंय?" मी बघितले आणि गप्प बसलो. तीन खेपा झाल्या, वर टोपी बसवली. आज सहा वर्षे त्याच दाढेवर भाकरी आणि सुके मटण चालले आहे.

म्हणून सगळ्यांनी सगळे दात राखावेत असे माझे म्हणणे आहे काय? नाही. माझ्या आईचे खालचे चार दात डॉक्टरांनी काढायलाच सांगितले, आणि ते बरोबर होते. त्याचे कारण पुढे येईल. सांगायचे इतकेच, की दात काढायचा की राखायचा हे तो किती दुखतो यावरून ठरत नाही. त्याचे काय उरले आहे, यावरून ठरते.

दात आतून कसा असतो

दाताचे तीन थर असतात. सर्वांत वर पांढरे कवच, इनॅमल. हा आपल्या शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. यात नस नाही, म्हणून तो किडतो तेव्हा काहीच कळत नाही. त्याच्या आत हाडासारखा पिवळसर थर असतो, त्याला डेंटिन म्हणतात. हा कवचापेक्षा मऊ. कीड येथे पोहोचली की गार पाणी, गोड खाणे झिणझिणते. सर्वांत आत पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ, जिवंत गाभा असतो. हा गाभा मुळांच्या बारीक नळ्यांतून थेट जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला असतो. पुढच्या दाताला बहुधा एक मूळ, खालच्या दाढेला दोन, वरच्या दाढेला तीन.

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. त्या गादीमुळे खडा दाताखाली आला की आपल्याला लगेच समजते. म्हणजे दात टिकायला दोन गोष्टी शाबूत लागतात: वरचा दात आणि खालची जमीन. पुढचा सगळा विचार या दोन गोष्टींभोवती आहे.

दुखणे काय सांगते

दुखण्याला भाषा असते. ती ओळखता आली तर निम्मे काम होते.

गार किंवा गोड लागल्यावर चटका बसतो, पण ते बाजूला होताच दोन-चार सेकंदांत थांबतो. याचा अर्थ कीड आत निघाली आहे, पण गाभा अजून बचावलेला आहे. या टप्प्याला बहुधा साध्या भरणीवर भागते. एक खेप, थोडका खर्च.

गरम चहा घेतला की कळ उठते आणि बराच वेळ राहते, काही कारण नसताना दुखते, रात्री आडवे झाल्यावर जास्त ठणकते. याचा अर्थ गाभा सुजला आहे आणि तो आता बहुधा पूर्ववत होणार नाही. वर नुसती भरणी करून उपयोग नाही. आता रूट कॅनॉल, नाहीतर दात काढणे.

तिसरा टप्पा सर्वांत फसवा. पंधरा दिवस ठणकणारा दात एके दिवशी आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, "ऱ्हायलं बघा, गुण आला." गुण आलेला नसतो. आतला गाभा मेलेला असतो, आणि मेलेली नस दुखत नाही. पण मेलेला गाभा आत कुजत राहतो आणि मुळाच्या टोकाशी हाडात पू धरतो. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, चावताना दात उंच झाल्यासारखा लागतो, कधी गाल सुजतो. दुखायचे थांबले म्हणून विसरलेले दातच पुढे जास्त करून काढावे लागतात.

मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचेही सांगून ठेवतो. गोळीने ठणका कमी होतो, सूज उतरते. पण मेलेल्या गाभ्यात रक्तच जात नाही, मग औषध तिथे पोहोचणार कसे? गोळ्या संपल्या की दुखणे परत. गोळ्या म्हणजे इलाज नव्हे, डॉक्टरकडे जाईपर्यंतची सवड.

खोडव्यासारखा विचार करा

आपण खोडवा ठेवायचा की मोडायचा हे कसे ठरवतो? पहिला ऊस तुटला की रानात फेरी मारतो. तुटाळ किती पडली, फुटवे जोमदार आहेत का, काणी किंवा गवताळ वाढ दिसते का, हे बघतो. थोडी तुटाळ असेल तर नांग्या भरतो आणि खोडवा राखतो. बेटे निम्मी मेली असतील किंवा रोग पसरला असेल तर मोह न धरता नांगर घालतो. डॉक्टर दाताकडे असेच बघतो. साधारण पाच गोष्टी तपासतो.

एक, हिरडीच्या वर दाताच्या भिंती किती उरल्या आहेत. टोपी धरून राहायला चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी चांगली भिंत लागते. तेवढी असेल तर दात बाहेरून कितीही वाईट दिसो, राखण्यासारखा असतो. कीड हिरडीच्या बरीच खाली उतरली असेल तर राखणे अवघड.

दोन, मूळ फुटले आहे का. दाताचा वरचा तुकडा उडाला तर दुरुस्ती होते. पण मूळ उभे चिरले असेल तर तो दात बहुधा राखता येत नाही. चिरेतून जंतू आत जात राहतात आणि भोवतालचे हाड झडते.

तीन, खालचे हाड किती शाबूत आहे. हे एक्स-रेमध्ये दिसते. दात हलतो किती, हेही डॉक्टर हाताने पाहतात. थोडा हलणारा दात हिरडीची सफाई आणि इलाज केल्यावर पुन्हा बऱ्यापैकी घट्ट होऊ शकतो. पण वरखाली हलणाऱ्या दाताची जमीनच गेलेली असते.

चार, तो दात कोणता आहे. अक्कलदाढ वाकडी, अर्धी हिरडीत अडकलेली आणि वारंवार सुजणारी असेल तर तिच्यासाठी आटापिटा करण्यात अर्थ नाही. पण साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ म्हणजे चावण्याचा मुख्य खांब. ती शक्यतो सोडू नये.

पाच, तोंडात बाकी काय आहे. समोर चावायला जोडीचा दात आहे का? बाजूचे दात कसे आहेत? सहा दात उरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा, आणि अठ्ठावीस दातांपैकी एक किडलेल्या तरुणाचा वेगळा.

माझ्या आईची गोष्ट तिसऱ्या मुद्द्यात बसते. तिचे ते दात किडलेले नव्हतेच. चाळीस वर्षे मशेरी लावून हिरड्या खाली सरकलेल्या, त्यात मधुमेह. दात बोटाने वरखाली हलत होते, आत पू होता. ते राखण्यात तिला नुसता त्रास होता. रक्तातली साखर आटोक्यात आणून काढले आणि कवळी बसवली. महिन्याभरात ती म्हणाली, "आधीच काढलं असतं तर बरं झालं असतं."

रूट कॅनॉल म्हणजे काय

नाव ऐकून माणसे घाबरतात. काम असे असते. इंजेक्शन देऊन दात बधिर करतात. वरून छोटे छिद्र पाडून आतला सुजलेला किंवा मेलेला गाभा काढतात. मुळातल्या नळ्या बारीक सुयांनी घासून आणि औषधाने धुऊन स्वच्छ करतात. मग गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद करतात. वर पक्की भरणी. एक ते तीन-चार खेपांत हे होते. इंजेक्शनची टोचणी सोडली तर मला तरी काही जाणवले नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसले, इतकेच.

असा दात किती टिकतो? निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आठ-दहा वर्षांनीही शंभरांपैकी सुमारे ८५ ते ९० दात तोंडात जागेवर असलेले आढळले आहेत. म्हणजे काम भरवशाचे आहे, पण शंभर टक्क्यांची हमी कोणी देत नाही.

येथे आपली माणसे एक मोठी चूक करतात. रूट कॅनॉल झाले, दुखायचे थांबले, की टोपी बसवायला जातच नाहीत. "आता दुखत न्हाई, मग पैसं कशाला घालवायचं?" गाभा काढलेला आणि किडीने पोखरलेला दात आतून पोकळ झालेला असतो. दाढेवर चावण्याचा जोर मोठा. एखाद्या दिवशी हरभरा किंवा हाडूक चावताना ती उभी चिरते, आणि मग काढण्यावाचून इलाज नाही. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनॉलनंतर टोपी न घातलेले दात टोपी घातलेल्या दातांच्या सहा पट वेगाने गेल्याचे दिसून आले. दाढ राखायची ठरवली तर टोपीसकट खर्च धरूनच ठरवा. बांध घालून दार उघडे ठेवण्यात काय अर्थ?

काढायचाच असेल तर

मूळ चिरलेले, हाड गेलेले, भिंत न उरलेला दात, त्रास देणारी वाकडी अक्कलदाढ, अशा वेळी काढणेच शहाणपणाचे. तोंडाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार घ्यायचे असतील तर शंकास्पद दात डॉक्टर आधीच काढून घेतात, कारण किरणोपचारानंतर जबड्याचे हाड लवकर भरत नाही.

काढण्यापूर्वी डॉक्टरांना या गोष्टी न लपवता सांगाव्यात: मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे दुखणे किंवा झडपेचे ऑपरेशन, रक्त पातळ होण्याची गोळी, हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि बाई असेल तर गरोदरपण. रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गरोदरपणी चौथा ते सहावा महिना दाताच्या इलाजाला सोयीचा मानतात, पण पू झाला असेल तर वाट न पाहता दाखवावे.

काढल्यावर कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. सारखे थुंकायचे नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही. तंबाखू, मशेरी, विडी काही दिवस पूर्ण बंद. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते ती जखमेची खपली असते. थुंकून किंवा विडी ओढून ती निघाली की हाड उघडे पडते आणि तीन-चार दिवसांनी असा ठणका लागतो की मूळचे दुखणे बरे वाटावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात.

आणि काढताना पुढचा विचार करावा. रिकाम्या जागेतले हाड झिजत जाते, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. शेजारचे दात कलतात. म्हणून ती जागा भरायची का, आणि कशाने, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. तीन मार्ग असतात. काढता-घालता येणारा दात, हा स्वस्त. दोन्ही बाजूंचे दात घासून बसवलेला ब्रिज. किंवा हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट, हा बहुधा सर्वांत महाग. अक्कलदाढेची जागा मात्र भरावी लागत नाही.

खर्चाचा खरा हिशेब

दात काढण्याचा खर्च आणि राखण्याचा खर्च समोरासमोर ठेवले तर काढणे कितीतरी स्वस्त दिसते. पण हा हिशेब अपुरा आहे. एका बाजूला भरणी, रूट कॅनॉल आणि टोपी धरा. दुसऱ्या बाजूला दात काढणे, अधिक त्या जागी नवा दात बसवणे धरा. मग फरक बराच कमी होतो, कधी उलटाही होतो. आणि दात काढून जागा तशीच सोडायची असेल, तर माझ्यासारखे पुढच्या दोन दाढांचे नुकसानही मांडावे.

तरीही पैशाची अडचण खरी असते. बिल निघायला वेळ असतो, सोसायटीचे हप्ते असतात, पोरांच्या फिया असतात. अशा वेळी लाज न बाळगता डॉक्टरांना विचारावे, "आत्ता ठणका थांबवून, जंतू काढून, टोपी दोन महिन्यांनी बसवली तर चालेल का?" पुष्कळदा तशी सोय करता येते. टोपीतही धातूची आणि पांढरी असे प्रकार असतात. मागच्या दाढेला धातूची टोपी टिकाऊ आणि स्वस्त पडते, ती कोणाला दिसतही नाही.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सी.पी.आर.मध्ये, दाताचा विभाग आहे. आपल्याच जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. वारणेचा सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या तात्यासाहेबांचेच हे नाव. सांगली, कराड आणि बेळगाव येथेही दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त पडतात, पण खर्च बाहेरच्यापेक्षा बहुधा कमी येतो. पैसा कमी पण सवड आहे, अशांना हा मार्ग चांगला.

काही जुने समज

वरचा दात काढला की डोळा अधू होतो, असे आमच्या आजीपासून ऐकत आलो. दाताची नस वेगळी, नजरेची नस वेगळी. वेळेवर काढलेल्या दाताने नजर जात नाही.

बाजारात दातातले किडे काढून दाखवणारे पूर्वी बसायचे. दातात तसे किडे नसतातच. दात किडतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूंच्या आम्लाने.

दुखऱ्या दाताशेजारी गोळी चुरून धरणे, बिब्बा लावणे, रॉकेलचा बोळा ठेवणे, यांनी हिरडी आणि गाल भाजतात. दात होता तसाच राहतो.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असेही म्हणतात. दात आधीच हलत असतात, खाली साचलेल्या किटणाच्या थराने ते धरून ठेवलेले असतात. तो थर ठेवला तर हाड झिजत राहते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज पसरते आहे, तोंड उघडत नाही, गिळायला त्रास होतो, आवाज बदलला आहे, ताप आहे, श्वास घ्यायला जड जाते. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. दाताचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेततो.

दुसरी खूण तंबाखू, गुटखा, मशेरीवाल्यांसाठी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी खाणारे आहेतच. तोंडात दोन-तीन आठवडे बरे न होणारे चट्टे किंवा जखम असेल, आणि त्याच जागेचा दात कारण नसताना हलू लागला असेल, तर "हलतोय तर काढून टाका" म्हणू नये. तो दाताचा आजार नसेल. आधी जखम तपासून घ्यावी. कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

तिसरी गोष्ट पोरांची. खेळताना, सायकलवरून पडून पोराचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, माती लागली असेल तर पाण्याखाली हलकेच धुवा, घासू नका. जमले तर त्याच खड्ड्यात परत बसवा, नाहीतर दुधाच्या वाटीत टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्या. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

आपण साखर करणारे, म्हणून

कारखान्याच्या पत्रिकेत साखरेविरुद्ध कसे लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच घरच्या दातांशी खोटे कशाला बोलायचे? दाताचे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, हे खरे आहे. गुळाचे आणि काकवीचेही तेच.

मात्र किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला जास्त महत्त्व आहे. स्वीडनमध्ये विपेहोल्म येथील रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात याचा प्रयोग झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांवर तो झाला. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि तेव्हाही व्हायला नको होता. त्यातून कळले ते असे: जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण मधल्या वेळेत चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर किडले. प्रत्येक गोड घासानंतर तोंडात काही वेळ आम्ल राहते. एकदा पुरणपोळी खाल्ली तर ते एकदा. दिवसातून आठ वेळा गोड चहा घेतला तर आठ वेळा.

म्हणून सणाला पोळी खा, पण चहाच्या खेपा कमी करा. ऊस खाल्ला, गुऱ्हाळावर गूळ चाखला, की चूळ भरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती रोजच्या एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. साधारण माणसाला ही साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास बसते, आणि तीत चहा, गूळ, बिस्किट, सरबत सगळे आले. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा. मशेरी म्हणजे दात घासणे नव्हे, ती भाजलेली तंबाखूच आहे.

डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर हे विचारा

१. हा दात राखण्यासारखा आहे का? नसेल तर कशामुळे, ते एक्स-रेवर दाखवाल का?

२. राखला तर एकूण खेपा किती, आणि टोपीसकट एकूण खर्च किती?

३. काढला तर त्या जागेचे पुढे काय करायचे, आणि त्याला किती लागेल?

४. आत्ता ठणका थांबवून निर्णयाला आठ-दहा दिवस मिळतील का?

५. माझे वय, माझा मधुमेह आणि बाकीचे दात बघता, तुमच्या घरच्या माणसाला तुम्ही काय सांगाल?

शेवटचा प्रश्न मी त्या बाईंना विचारला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांची अशीच दाढ मागच्या वर्षी राखली." मग मला पुढे काही विचारायचे उरले नाही.

पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, टोळ्या यायच्या आधी, घरातल्या सगळ्यांचे दात एकदा दाखवून आणा. आत्ता एक खेप आणि एक भरणी असेल. हंगामात ठणकल्यावर गेलात तर घाईत काढूनच याल, मी आलो तसे. उसाला तोड लांबली की वजन आणि उतारा घटतो हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. दाताचेही तसेच आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद